आमच्या पडवळाची परीक्षा घ्या

मा. कुलगुरू,
डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, दापोली



आगोट जवळ आली की आमच्याकडे बियांची देवघेव सुरू होते. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुडीतून तवश्याचे, शिराळ्याचे, घोसाळ्याचे बी या घरून त्या घरी जाते. पुडीवर ना नाव, ना साल. ‘माहेरचं आहे, कडू निघत नाही,’ एवढ्या हमीवर ते रुजत घातले जाते. 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, वाटण्याचा, ब्रँड न लावता विकण्याचाही हक्क दिला आहे. तेव्हा प्रश्न हक्काचा नाही. पुडीतले बी उगवेल का, आणि उगवले तर तेच निघेल का, हे सांगणारे कोणी हवे आहे.

पडवळाचेच घ्या. बियाला ठेवलेले पडवळ वेलावरच शेंदरी होऊन मऊ पडू द्यावे लागते. मग आतल्या लाल, बुळबुळीत गरातून बी काढायचे, राखेत चोळायचे, सावलीत वाळवायचे. पूर्वी ही गाठोडी चुलीच्या वर टांगलेली असत. धुराने कीड लागत नसे, उबेने दमटपणा धरत नसे. गॅस आला आणि ती जागा गेली. आता बी प्लास्टिकच्या डब्यात जाते आणि नीट वाळलेले नसेल तर तिथेच बुरसते. ओलावा एका टक्क्याने उतरला की बियाण्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा ठोकताळा आहे म्हणतात. पण आमच्या बियात ओलावा किती, हे दाताखाली धरून कसे कळायचे?

उगवण घरी पाहता येते. ओल्या फडक्यात दहा बिया गुंडाळायच्या आणि मोड मोजायचे. पण दहातल्या सहा उगवल्या म्हणून सगळ्या पुडीबद्दल काय बोलणार? प्रयोगशाळेतल्या प्रमाणित चाचणीला 400 बिया लागतात. आमच्याकडे असतात मूठभर. त्या तपासायला दिल्या तर पेरायचे काय?

खरी अडचण मात्र भेसळीची. पडवळाची झालरीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात, आणि पाखरांना कुणाची वई कुठे संपते ते कळत नाही. तुमचे ‘कोकण श्वेता’ हे पांढरे पडवळ चांगले आहे, लोक हौसेने लावतात. शेजारच्या मांडवावर ते आणि आमच्या मांडवावर जुने हिरवे, पट्ट्यांचे. यंदाचे फळ पट्टेरीच लागते, त्यामुळे कुणाला काही कळत नाही. भेसळ दिसते पुढच्या वर्षी, तेच बी लावल्यावर. तोवर जुने बी संपलेले असते. उपाय आहे: मादी आणि नर, दोन्ही कळ्या उमलायच्या आधी कागदी पिशवीत बांधायच्या, संध्याकाळी नराचे फूल मादीला लावायचे, पुन्हा बांधायचे आणि त्या देठाला खुणेचा दोरा. हे कुणीतरी येऊन मांडवाखाली उभे राहून दाखवले पाहिजे. पत्रक नको. पत्रक वाचून हात वळत नाहीत.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणे राखल्याबद्दल 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामाला ‘बाएफ’ या संस्थेची साथ मिळाली. आमच्याकडच्या राखणाऱ्या बायकांना तशी साथ आपण द्यावी.

दिवाळीनंतर घरगुती बियांचे छोटे नमुने घ्या, अगदी 50 बियांचेसुद्धा. त्यातल्या निम्म्यांची उगवण पाहा. एवढ्याशा बियांवरची टक्केवारी ढोबळच असणार, तसे अहवालात लिहा, आमची हरकत नाही. उरलेल्या बिया उन्हाळी हंगामात आपल्या प्रक्षेत्रावर लावून वेल एकसारखे निघतात का ते बघा. आपल्याकडे जमीन आहे, पाणी आहे, वाण ओळखणारी नजर आहे. भेसळ निघाली तर स्पष्ट सांगा. चांगले निघालेले थोडे बी आपल्या शीतगृहात जरूर ठेवा, मात्र गावाच्या नावानिशी, आणि मागितले की पुडीभर परत मिळेल या अटीवर. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक पेढीत उणे 18 अंशांना बी वर्षानुवर्षे टिकते, ते हवेच. पण आमचा पाऊस, भुरी आणि फळमाशी सोसणारे बी दरवर्षी मांडवावरच घडते.

अहवाल मृगाआधी हाती यावा. पेरण्या उरकल्यावर तो फक्त फायलीला लागेल. नमुने दापोलीला आणून द्यायचे की तालुक्याच्या कृषी कार्यालयात, तेवढे कळवावे.

आपली नम्र,
परसात मांडव घालणारी एक कोकणवासी