आवाज म्हणजे ताकद नव्हे

गेवराईचा कापूस असो वा आष्टीचे दूध, बीड जिल्ह्यातील शेतमाल आज लहान पिकअपच्या पाठीवरून बाजार गाठतो. या गाड्यांचा मूळ सायलेन्सर काढून कर्कश नळी बसविण्याची वाढती हौस मात्र चिंताजनक आहे. 'गाडी ओढीला चांगली होते', हा त्यामागील युक्तिवाद. परंतु अशा नळीने ओझे ओढण्याचे बळ क्वचितच वाढते. वाढतो तो आवाज. २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत तर काजळी गाळणारी यंत्रणा याच मार्गात असते. ती काढणे म्हणजे विष रस्त्यावर सोडणे होय.

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने आवाज व धुराची मर्यादा मोडणाऱ्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड वा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली आहे. २००० च्या नियमांनुसार घोषित शांतता क्षेत्रात दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल हीच मर्यादा. तरीही अंबाजोगाईच्या रुग्णालयातील रुग्णाने, परीक्षेच्या अभ्यासाला बसलेल्या विद्यार्थ्याने दाद मागावी कोणाकडे? केवळ चालकाला अडवून भागणार नाही. नळी विकणाऱ्या व बसविणाऱ्या दुकानांचीही तपासणी व्हावी.

गंजलेला सायलेन्सर अवश्य बदलावा, पण उत्पादकाने ठरविलेल्या मापाचाच. पोट भरणाऱ्या गाडीने गावाची झोप मोडू नये, एवढीच अपेक्षा.