फ्रेमवरचे नाव नको, ब्रेक तपासा

सायकल सहलीच्या निमंत्रणात कधीकधी एक अट वाचायला मिळते: ‘फक्त अमुक कंपनीची सायकल असणाऱ्यांसाठी’. कुठे ती लिहिलेली नसते, पण वागण्यातून कळते. ताम्हिणी घाट उतरून कोकणात जाणाऱ्या ताफ्यात कोणी साधी काळी सायकल घेऊन आला, की आधी फ्रेमवरचे नाव वाचले जाते आणि मग त्या माणसाला त्याचे नाव विचारले जाते. ही रीत मोडली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या अटीच्या बाजूने चार कारणे सांगितली जातात. एकाच कंपनीच्या सायकली असल्या की सुटे भाग एकमेकांना उपयोगी पडतात, सगळ्यांचा वेग जुळतो, आपलेपणा वाढतो आणि कंपनी खर्चाला हातभार लावते. चारही कारणे वरवर पटण्यासारखी आहेत, म्हणून एकेक तपासून पाहू.

पहिले सुट्या भागांचे. घाटात एकाची ट्यूब फाटली आणि दुसऱ्याने त्याच कंपनीच्या आपल्या सायकलची ट्यूब काढून दिली, असे समजा. पहिल्याची रोड बाइक आहे, तिची रिम 622 मिलिमीटरची. दुसऱ्याची 26 इंची डोंगरी सायकल आहे, तिची रिम 559 मिलिमीटरची. शिवाय रोड बाइकच्या रिमला प्रेस्टा व्हॉल्व्हचे साडेसहा मिलिमीटरचे छिद्र आहे आणि हातातल्या ट्यूबला जाड श्रेडर व्हॉल्व्ह आहे. तो त्या छिद्रातून जाणारच नाही. नाव एक असूनही भाग जुळत नाहीत. उलट, वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन सायकलींना शिमानो या एकाच कंपनीचे गियर असले आणि मागच्या दातेरी चकत्यांची संख्या सारखी असली, तर एकीचा चेनचा जोड दुसरीला चालतो. जुळतात ती मापे, नावे नव्हेत. आणि काळ्या सायकलीची 28 इंची ट्यूब तर तालुक्याच्या साध्या दुकानातही मिळते. अडचणीच्या वेळी हीच सायकल आधी रस्त्याला लागते.

दुसरे वेगाचे. वेग ठरतो तो सराव, पाठीवरचे आणि रॅकवरचे ओझे, आदल्या रात्रीची झोप आणि समोरचा वारा यांवर. ‘ब्रेव्हे’ या ठरावीक मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल-प्रवासात 200 किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या 1200 किलोमीटरच्या प्रवासाची कमाल मुदत 90 तासांची. तिथे घड्याळ पाहतात, दिवे पाहतात. सायकल कोणत्या कंपनीची, असे कोणी विचारत नाही.

तिसरे आपलेपणाचे. सायकल सहलीची परंपरा ज्यांनी घातली, त्यांनी दार रुंद केले होते. इंग्लंडमध्ये हॅरोगेटला 1878 साली ‘बायसिकल टूरिंग क्लब’ निघाला. 1880 पासून त्यात स्त्रिया आल्या. तीनचाकी चालवणाऱ्यांनाही सभासद होता यावे म्हणून 1883 साली क्लबने आपले नावच बदलून ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ केले. दोन चाकांचा आग्रह सोडण्याइतके मोठे मन त्यांना दाखवता आले. आपण एका स्टिकरवर अडून बसावे का?

चौथे पैशाचे. हे कारण खरे आहे, पण त्याची किंमतही मोजावी लागते. टूर द फ्रान्समध्ये सायकल कंपन्यांच्या संघांचा वरचष्मा इतका वाढला, की आयोजक आंरी देग्रांज यांनी 1930 मध्ये कंपन्यांचे संघ बंद करून देशांचे संघ आणले आणि स्पर्धकांना कंपनीचे नाव नसलेल्या पिवळ्या सायकली दिल्या. शर्यतीत जे खुपले, ते सहलीत तर अधिकच खुपायला हवे. कंपनीने आपल्या ग्राहकांचा मेळावा जरूर भरवावा, तो तिचा हक्क आहे. पण त्याला सर्वांची सहल म्हणू नये. सर्वांच्या सहलीला कंपनीने मदत केली, तर तिचा फलक जेवणाच्या मांडवात लावावा. नावनोंदणीच्या अर्जात तिला जागा नको.

मग अट काहीच नको का? हवी, आणि कडक हवी. दांड्यांचे ब्रेक आणि चकचकीत स्टीलची रिम असलेली सायकल पावसात लवकर थांबत नाही. तिला पावसाळी घाटात नेऊ नये, हे मी मान्य करतो. पण ती अट ब्रेकची आहे. प्रत्येक सायकल निघण्यापूर्वी ब्रेक दाबून पुढे ढकलून पाहावी. चाक फिरले तर ती दुरुस्त होईपर्यंत निघू नये. मागे लाल दिवा, डोक्यावर हेल्मेट आणि आपल्या मापाच्या दोन ट्यूब प्रत्येकाकडे असाव्यात. रोजचे अंतर, चढ आणि सरासरी वेग आधी जाहीर करावा, म्हणजे ज्याचा त्याला निर्णय घेता येतो. थांबे सर्वांत सावकाश चालवणाऱ्याच्या हिशेबाने ठरवावेत आणि एक अनुभवी माणूस कायम शेवटी राहावा. एवढी शिस्त असली, की साठीतल्या काकू, कॉलेजातला काळ्या सायकलवाला मुलगा आणि टँडेमवर मागे बसून पायडल मारणारा दृष्टिहीन सोबती असे सगळे एकाच ताफ्यात सुखरूप चालतात.

आपली सायकल आवडणे यात गैर काही नाही. चांगल्या कंपनीची तारीफही करावी. पण त्या आवडीची चाळणी करून माणसे वगळू नयेत. आयोजकांना माझी विनंती आहे: पुढच्या सहलीच्या अर्जातून ‘सायकलची कंपनी’ हा रकाना काढून टाका आणि त्या जागी लिहा, ‘टायरचे माप, व्हॉल्व्हचा प्रकार आणि ब्रेक तपासल्याची तारीख’. वाटेत कामाला येणारी माहिती तीच आहे.