आधी तार, मग मोटार

१५ जुलै २०२५ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्ला या अमेरिकी कंपनीचे भारतातील पहिले दालन उघडले. मुख्यमंत्री उपस्थित होते, छायाचित्रकारांची झुंबड होती आणि काचेआड उभी असलेली मोटार सुमारे साठ लाखांची होती. पुढचे काही दिवस मुंबईच्या उपनगरी गाड्यांत या मोटारीची चर्चा रंगली. ती घेण्याची ऐपत असलेले चर्चेत फारसे नव्हते, हे सांगायला नको. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथल्या दोन खोल्या-स्वयंपाकघराच्या सदनिकेत राहणाऱ्या, दहा-पंधरा वर्षांची जुनी पेट्रोल गाडी बदलू पाहणाऱ्या कुटुंबापुढचा प्रश्न वेगळाच आहे. विजेची गाडी घ्यावी काय, घेतली तर कोणती, आणि तिच्यासाठी मोजलेले जादा पैसे कधी वसूल होणार?

मुंबईला विजेवरच्या वाहतुकीचे अप्रूप असण्याचे कारण नाही. या शहरात विजेची ट्राम १९०७ मध्ये धावू लागली आणि १९६४ पर्यंत धावली. देशातील पहिली विजेची रेल्वेगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदराहून कुर्ल्याला गेली; १९२८ मध्ये कुलाबा-बोरिवली मार्गावर वीज आली आणि बोरिवलीचे उपनगर झाले ते खऱ्या अर्थाने तेव्हापासून. अलीकडे, फेब्रुवारी २०२३ मध्ये, ‘बेस्ट’ची विजेवरची वातानुकूलित दुमजली बस रस्त्यावर आली. पण ट्राम असो, लोकल असो वा बस, वीज कुठून घ्यायची याची चिंता प्रवाशाने केली नाही. ती चिंता संस्थेची होती. खासगी मोटारीच्या बाबतीत ही चिंता प्रथमच गृहस्थाच्या अंगणात येऊन पडली आहे. आणि उपनगरातल्या गृहस्थाला अंगणच नाही!

बंगळुरूच्या चेतन मैनी यांनी २००१ मध्ये ‘रेवा’ ही इवलीशी विजेची मोटार बाजारात आणली. लंडनच्या रस्त्यांवर तिने बऱ्यापैकी नाव कमावले, पण येथे ती कौतुकाच्या पलीकडे गेली नाही. पुढे २०१० मध्ये महिंद्रने ती कंपनी घेतली. रेवाच्या पीछेहाटीची कारणे सांगताना किंमत, वेग, आकार यांचा उल्लेख होतो. परंतु तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेतून खाली उभ्या केलेल्या गाडीपर्यंत वीज न्यायची कशी, या प्रश्नाचे उत्तर तेव्हा कोणाकडेच नव्हते, हे कारणही लहान नाही. गाड्या त्यानंतर कितीतरी सुधारल्या. ते उत्तर मात्र पुष्कळ सोसायट्यांत अजूनही मिळालेले नाही.

म्हणून निवडीची सुरुवात विक्रीदालनात न करता सोसायटीच्या आवारात करावी लागते. गाडी जिथे रात्री उभी राहते ती जागा कोणाची? दहिसरच्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी निर्णय दिला की, खुली किंवा स्टिल्टखालची वाहन उभे करण्याची जागा विकासकाला सदनिकेसारखी स्वतंत्रपणे विकता येत नाही. ती सामायिक आहे. सामान्य सभासदाच्या दृष्टीने हा निर्णय मोठा होता. तथापि सामायिक म्हटल्यावर वाटप आले, आणि वाटप आले की सोडत आली. जिथे गाड्या अधिक आणि जागा कमी, तिथे जागांची सोडत वर्षाकाठी निघते. यंदा खांबाजवळची जागा मिळालेल्या सभासदाने वीस हजार खर्चून तिथवर तार ओढली आणि पुढच्या वर्षी सोडतीत त्याला कुंपणाकडची जागा आली, तर त्या तारेचे काय करायचे? पुनर्विकास झालेल्या उंच इमारतींत जागा करारनाम्यात नमूद असते, पण तिथे दुसरीच अडचण उभी राहते. गाड्या एकावर एक चढवणाऱ्या यांत्रिक वाहनतळात हलत्या फळीवरच्या मोटारीला तार जोडणे हे सोपे काम नव्हे. नव्या इमारतींत वीस टक्के जागांवर चार्जिंगची सज्जता असावी, असे केंद्राने २०१९ मध्ये आदर्श बांधकाम उपविधीत सुचवले. सत्तरच्या वा ऐंशीच्या दशकात उभ्या राहिलेल्या चारमजली इमारतीला त्याचा उपयोग नाही.

घरची वीज मिळणे इतके निर्णायक का, हे साध्या त्रैराशिकाने कळते. पेट्रोल लिटरला शंभर रुपये धरले आणि पश्चिम द्रुतगती महामार्गावरच्या संध्याकाळच्या कोंडीत गाडी लिटरला बारा किलोमीटर गेली, तर किलोमीटरला सव्वाआठ रुपये पडतात. विजेची गाडी एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते. घरगुती वीज वरच्या टप्प्यात सर्व आकार धरून युनिटला बारा रुपये झाली, तरी किलोमीटरला दोन रुपयांच्या आतच खर्च येतो. म्हणजे किलोमीटरमागे सुमारे सहा रुपयांची बचत. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे वर्षाला बहात्तर हजार वाचतात आणि किमतीतला तीन लाखांचा फरक चार-सव्वाचार वर्षांत भरून निघतो. पण कार्यालयाला लोकलने वा मेट्रोने जाणारा आणि केवळ शनिवार-रविवारी गाडी काढणारा गृहस्थ महिन्याला चारशे किलोमीटरच चालवतो. त्याचे तीन लाख फिटायला दहा वर्षे लागतील!

विक्रेता सहसा काढत नाही असा आणखी एक हिशेब आहे, तो सीएनजीचा. मुंबईच्या मध्यमवर्गाने ही गाडी फार पूर्वीच स्वीकारली आहे. किलोला ऐंशी रुपये आणि बावीस किलोमीटर धरले तर किलोमीटरला साडेतीन-पावणेचार रुपये होतात. सार्वजनिक चार्जिंग केंद्रावरची वीज घरच्यापेक्षा दुपटीच्या आसपास महाग पडते. तिथला खर्चही साधारण तेवढाच येतो. म्हणजे ज्याला रात्री घरी तार जोडता येत नाही, त्याने चार लाख अधिक मोजून सीएनजीच्या रांगेऐवजी चार्जिंगच्या रांगेत उभे राहायचे, एवढाच फरक उरतो. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल व सीएनजी गाड्यांवरचा वस्तू-सेवा कर अठ्ठावीस टक्के अधिक उपकर यावरून अठरा टक्क्यांवर आला. विजेच्या गाड्यांवर तो २०१९ पासून पाच टक्केच आहे, पण दोहोंमधले अंतर घटले. मग विजेची गाडी घेऊच नये काय? असे नव्हे. ज्याची तार पक्की आणि फिरणे पुरेसे, त्याच्यासाठी आज तिच्याइतके शहाणपणाचे वाहन दुसरे नाही. पण दोन्ही अटी पुऱ्या व्हायला हव्यात.

त्या पुऱ्या होत असतील तर निवड फारशी अवघड उरत नाही. दहा लाखांच्या आत टाटांची टियागो २०२२ मध्ये साडेआठ लाखांपासून आली आणि एमजीची कॉमेट २०२३ मध्ये आठ लाखांच्या आत. कॉमेट तीन मीटरहूनही आखूड आहे. घाटकोपरच्या गल्लीत ती जिथे वळते तिथे रिक्षावालाही विचार करील. मात्र तिला दोनच दारे, आणि मागची आसने भरली की सामान ठेवायला जागा नाही. सांधे धरलेल्या आजींना मागे बसवायचे असेल, तर टियागोच बरी. घरात दुसरी गाडी असलेल्या, मुलांच्या शाळा-शिकवण्यांची ने-आण करणाऱ्या कुटुंबाला या दोन्ही पुरतात. पंधरा अँपिअरच्या साध्या प्लगवरही रात्रभरात वीस-बावीस युनिट भरतात, आणि बोरिवलीहून अंधेरीला जाऊन परत येण्यासाठी पाचही लागत नाहीत.

दहा ते पंधरा लाखांत टाटांच्या पंच आणि नेक्सॉन, तसेच २०२४ च्या सप्टेंबरात आलेली एमजीची विंडसर. घरातली एकुलती एक गाडी घ्यायची असेल, तर उपनगरी कुटुंबाचा खरा विचार याच पायरीवर होतो. नेक्सॉनची बॅटरी पंचेचाळीस युनिटांची घेतली तर नाशिक वा पुणे एका दमात होते. विंडसरची मागची बैठक प्रशस्त; वडीलधाऱ्यांना ती आवडते. ती बॅटरी वगळून दहा लाखांच्या आत देऊ करण्यात आली आणि बॅटरीचे भाडे किलोमीटरला साडेतीन रुपये सांगण्यात आले. ऐकायला हे गोड वाटते. त्यात विजेचे दोन रुपये मिळवले की साडेपाच होतात. म्हणजे गाडी सीएनजीपेक्षा महाग चालते. अशा योजनेत दरमहा किमान किलोमीटरची अट आहे काय, हे सही करण्यापूर्वी वाचलेले बरे.

त्यापुढे अठरा ते पंचवीस लाखांची पायरी आहे. ह्युंदाईची विजेवरची क्रेटा, टाटांच्या कर्व्ह आणि हॅरियर, महिंद्रची बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई. गाड्या देखण्या आहेत आणि जगातल्या कोणत्याही रस्त्यावर शोभतील अशा आहेत. बीई ६ कडे तरुण मुलांचे डोळे लागतात, हॅरियरकडे वडिलांचे. पण चाकणला घडलेली मोटार विलेपार्ल्याच्या जुन्या इमारतीच्या फाटकातून वळेल काय, हे आधी मोजपट्टीने पाहावे. बाकी साठ लाखांच्या वरची गाडी घेणाऱ्याला कोणाच्या अग्रलेखाची गरज नसते.

स्वदेशीचा प्रश्न येथे टाळता येत नाही. टाटा-महिंद्रंच्या गाड्या आपल्या अभियंत्यांनी आरेखिल्या, आपल्या कारखान्यांत बनल्या, ही अभिमानाची बाब आहे. एमजी हे नाव इंग्रजी, मालकी शांघायच्या कंपनीची आणि अलीकडे भागीदारी आपल्या जेएसडब्ल्यू समूहाची. तथापि बोनेटवरचे नाव पाहून समाधान मानणे हे अर्धसत्य ठरेल. बॅटरीतले सेल आजही मोठ्या प्रमाणावर चीनमधून येतात, आणि एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले तेव्हा आपल्या सर्वच मोटार उद्योगाचे धाबे दणाणले. आखाती तेलाच्या जागी चिनी सेल येणार असतील, तर परावलंबनाने केवळ पत्ता बदलला, असे म्हणावे लागेल. साणंदला टाटांचा सेल कारखाना उभा राहत आहे. अशा कारखान्यांना मागणी हवी आणि ती देशी गाड्यांच्या खपातूनच येणार, हाही विचार ग्राहकाने करावा.

शासनाने आपल्या बाजूने बरेच दिले आहे. तीस लाखांवरच्या विजेच्या गाड्यांवर सहा टक्के मोटार वाहन कराचा प्रस्ताव मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात होता, तो मागे घेतला गेला. एप्रिल २०२५ मध्ये मंजूर झालेल्या राज्याच्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू येथे पथकरमाफी आली; अटल सेतूवर ती ऑगस्टपासून सुरूही झाली. मुलुंड-दहिसरच्या नाक्यांवर मात्र विजेच्या गाडीला वेगळे काही मिळत नाही, कारण ऑक्टोबर २०२४ पासून तिथे सर्वच हलक्या वाहनांना माफी आहे.

गणपतीला गाडी घेऊन कोकणात जायचे असते, आणि ही मुंबईकराची शेवटची कसोटी. कंपनीने सांगितलेल्या पल्ल्याचा दोन-तृतीयांश भाग खरा धरावा. तो धरून मोठ्या बॅटरीच्या गाडीला चिपळूण गाठता येईल. रत्नागिरीपर्यंत वाटेत एकदा थांबावे लागू शकेल, आणि चतुर्थीच्या आदल्या रात्री त्या थांब्यावर आणखी किती जण असतील याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. पावसाचेही तसेच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा पाण्याखाली गेलेल्या गाड्या उपनगर विसरलेले नाही. आजच्या बहुतेक बॅटऱ्या मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरतील अशा बंद असतात. पण म्हणून तुंबलेल्या अंधेरी सबवेत गाडी घालण्याचा परवाना मिळाला, असे कोणी समजू नये.

तेव्हा पुन्हा सोसायटीच्या दाराशी यावे लागते. घरी वाहन चार्ज करण्यासाठी वेगळा परवाना लागत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केले. वीज नियामक आयोगाने राज्यात वाहन चार्जिंगची स्वतंत्र दरवर्गवारीही केली आहे. अंधेरी-बोरिवलीच्या सभासदाने अदानी वा टाटांकडे, मुलुंडच्या सभासदाने महावितरणकडे अर्ज केला तर जोडणी मिळू शकते. तरीही पुष्कळ ठिकाणी गाडे अडते ते समितीच्या बैठकीत. समितीचे सारेच आक्षेप हटवादाचे नसतात. चाळीस वर्षांपूर्वीच्या मुख्य तारांवर दहा गाड्यांचा भार पडला तर काय होईल? आग लागली तर जबाबदार कोण? ज्याच्याकडे सायकलही नाही, त्या निवृत्त सभासदाने दुसऱ्याच्या मोटारीचा खर्च का सोसावा? या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतील. उत्तर एकेकट्याच्या तारेत नाही. सामायिक व्यवस्थेत आहे. संस्थेच्या नावाने चार्जिंगचा स्वतंत्र मीटर, परवानाधारक तंत्रज्ञाकडून तपासलेला मंजूर भार व अर्थिंग, दोन-तीन जागा सर्वांसाठी राखीव, प्रत्येकाच्या वापराची वेगळी नोंद, आणि उभारणीचा खर्च वापरणाऱ्यांकडूनच. मग सोडतीत कोणाला कोणती जागा येते याने फरक पडत नाही, आणि गाडी नसलेल्याच्या देखभाल खर्चात रुपयाचीही भर पडत नाही.

हा ठराव वार्षिक सर्वसाधारण सभेत यावा लागतो. सहकार कायद्यानुसार ती सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायची असते आणि तिची सूचना चौदा दिवस आधी निघते. दसऱ्याला गाडी दारी आणू इच्छिणाऱ्या सभासदाचा लेखी अर्ज, वीज कंपनीच्या भारतपासणीच्या कागदासह, सूचना निघण्यापूर्वी सचिवांच्या हाती पडलेला असला पाहिजे.