टर्बो गाडीचें तेल: डबा उघडण्यापूर्वीं अक्षर वाचावें

आपल्या जिल्ह्यांत ज्या वस्त्यांवर पूर्वीं बैलगाडी व पुढें ट्रॅक्टर उभा असे, तेथें हल्लीं ट्रॅक्टरच्या शेजारीं टर्बो इंजिनाची मोटारही उभी दिसूं लागली आहे. उसाचें बिल हातीं आलें, मुलगा नोकरीस लागला, कीं घरांत गाडीची भाषा सुरू होते. आणि तरुण मंडळींस हवी असते ती वेगवान गाडी. ह्यांत वाईट कांहींच नाहीं. परंतु गाडी घेतांना रंगाविषयीं व चाकांविषयीं जितका खल होतो, त्याच्या शतांशही विचार तिच्या इंजिनांत पडणाऱ्या तेलाविषयीं होत नाहीं. ह्या उपेक्षेपायीं शेतकऱ्याचा कष्टाचा पैसा धुरावाटे जात आहे, म्हणून आज ह्या विषयावर चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम आमच्याच घरची गोष्ट सांगतों. आमच्या पुतण्याची टर्बो पेट्रोल गाडी पहिलीं दोन वर्षें कंपनीच्या कारखान्यांत जात होती. नंतर खर्च वांचविण्यासाठीं ती ओळखीच्या एका गॅरेजवाल्याकडे जाऊं लागली. त्यानें ट्रॅक्टरांसाठीं आणलेल्या ड्रममधील तेल तींत ओतलें. आम्ही स्वतः तेथें उभे होतों. “भाऊसाहेब, तेल तें तेलच,” असें तो म्हणाला, आणि आम्हीं मान डोलाविली. सातबाऱ्यावरील एका अक्षराच्या चुकीसाठीं खातेदारास दहादां परत पाठविणारे आम्ही. पण त्या ड्रमवर काय लिहिलें आहे तें वाचून पाहावें, असें आम्हांस सुचलें नाहीं. “हें तेल दणकट आहे” ह्या समजुतीनें पुढची बदलीही लांबली. अखेर एके दिवशीं इमामपूर घाटांत गाडीचा जोर गेला व मागून निळा धूर निघूं लागला. टर्बो उघडला तेव्हां तेलाची वाट काळ्या खरपुडीनें बुजलेली व आंतील दांडी खिळखिळी झालेली आढळली. दुरुस्तीस जो खर्च आला, त्यांत एक चांगली बैलजोडी आली असती. दोष सर्वस्वीं त्या तेलाचा होता असें आम्ही म्हणत नाहीं. चुकीचें तेल, लांबलेली बदली आणि चालविण्याची वाईट संवय ह्या तिघांनीं मिळून तें काम केलें. तथापि ह्या तिन्ही गोष्टी टाळणें आमच्याच हातीं होतें.

टर्बो म्हणजे काय, हें थोडक्यांत पाहूं. इंजिनांतून बाहेर पडणारा तप्त धूर वायां न दवडतां त्याच्या जोरानें एक लहान चक्र फिरवावें, आणि त्याच दांडीवरील दुसऱ्या चक्रानें बाहेरची हवा दाबून इंजिनांत भरावी, अशी ही युक्ति आहे. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी ह्यांनीं तिचें पेटंट १९०५ सालीं घेतलें. लहान मोटारींत ही दांडी एका मिनिटांत एक लाखाहून अधिक, कधीं दोन लाखांपर्यंत फेरे घेते. आणि पेट्रोल इंजिनांत तिच्या एका टोकाशीं येणारा धूर नऊशें अंशांच्या आसपास तापलेला असूं शकतो. एवढ्या वेगांत व उष्णतेंत ती दांडी तेलाच्या एका पातळ पापुद्र्यावर तरंगत असते. बैलगाडीच्या आंसास ओंगण घातलें नाहीं तर गाडी कुरकुरते, पण निदान घरापर्यंत येते. येथें कुरकुर ऐकूं येईपर्यंत नुकसान होऊन गेलेलें असतें.

अशा गाड्या आपणांस परक्या राहिलेल्या नाहींत. २००४ सालीं स्कोडा कंपनीनें ऑक्टाव्हिया आरएस ही टर्बो पेट्रोलची वेगवान गाडी भारतांत आणली. ती आपल्या शेजारच्या शेंद्रा येथील कारखान्यांत जोडली जात असे. २०१३ सालीं चाकणच्या कारखान्यांतून फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय निघाली. २०२० सालची महिंद्रा थार ही तर नाशिकची. तिलाही टर्बो पेट्रोल इंजिन मिळालें. म्हणजे यंत्र आपल्या अंगणांत तयार होऊं लागलें, पण त्याचें वंगण ओळखण्याची विद्या मात्र आपल्या ओट्यावर अजून आलेली नाहीं.

ही विद्या अवघड नाहीं. तेलाचा डबा हा एक उतारा आहे असें समजावें. उताऱ्यावर जसें गट क्रमांक, क्षेत्र व कब्जेदार पाहतों, तशाच डब्यावर तीन नोंदी पाहावयाच्या असतात.

पहिली नोंद दाटपणाची. ५डब्ल्यू-३०, १५डब्ल्यू-४० अशीं जीं अक्षरें असतात, ती एसएई ह्या अमेरिकन अभियंत्यांच्या संस्थेनें ठरविलेली प्रतवारी होय. डब्ल्यू म्हणजे हिंवाळा. पहिला आंकडा लहान असेल, तर थंड इंजिनांत तें तेल लवकर वाहतें व टर्बोपर्यंत लवकर पोंचतें. दुसरा आंकडा तापलेल्या तेलाचा. शंभर अंशांवर ३० प्रतीचें तेल ९.३ ते १२.५, ४० प्रतीचें १२.५ ते १६.३ आणि ६० प्रतीचें २१.९ ते २६.१ सेंटीस्टोक इतकें दाट असतें. आमच्या पाथर्डी-शेवगांवकडील उन्हाळा चाळीस अंश ओलांडतो, म्हणून “जितकें दाट तितकें बरें” असें पुष्कळांस वाटतें. ही समजूत चुकीची आहे. इंजिनाच्या आंतील उष्णता बाहेरच्या उन्हापेक्षां कितीतरी अधिक असते, व तिचा हिशेब बनविणाऱ्यानें आधींच केलेला असतो. अरुंद वाटांच्या इंजिनांत फाजील दाट तेल ओतल्यास तें हळू पोंचतें, पंपावर ताण पडतो आणि पेट्रोलही अधिक जळतें. शर्यतीच्या गाडीचें चित्र पाहून १०डब्ल्यू-६० तेल घेणारा तरुण आणि ड्रममधील तेल ओतणारा गॅरेजवाला हे दोघेही एकच चूक करितात. एक महाग करितो, दुसरा स्वस्त, इतकाच काय तो फरक. पुस्तिकेंत हवामानाप्रमाणें दोन-तीन प्रती दिल्या असतील, तर त्यांतून निवड करावी. बाहेर जाऊं नये.

दुसरी नोंद गुणवत्तेची. एपीआय ह्या संस्थेच्या खुणेंत पेट्रोल इंजिनासाठीं एस व डिझेलसाठीं सी हें पहिलें अक्षर असतें. एसएन प्लस हा वर्ग २०१८ सालीं, एसपी २०२० सालीं व एसक्यू २०२५ सालीं आला. हे नवे वर्ग केवळ विक्रीसाठीं काढले, असें समजूं नये. लहान टर्बो पेट्रोल इंजिनावर कमी फेऱ्यांत एकदम जोर टाकला, म्हणजे वरच्या गिअरमध्यें चढ चढविला, कीं ठिणगी पडण्यापूर्वींच तेल-पेट्रोलाचा एखादा थेंब पेट घेतो, आणि ह्या अकालीं स्फोटानें पिस्टन फुटूं शकतो. तेलांतील मळ धुणाऱ्या द्रव्यांत कॅल्शियम अधिक असेल, तर हा धोका वाढतो. त्याचा कांहीं भाग मॅग्नेशियमनें भरून काढल्यास कमी होतो, असें प्रयोगांतीं ठरलें आहे. एसपी वर्गाच्या तेलास ह्या दोषाची कसोटी उतरावी लागते. केवळ सी वर्गाचें ट्रॅक्टरचें तेल ट्रॅक्टरास उत्तम असेल; पण ही कसोटी त्यानें दिलेली नसते. उलट डिझेल मोटारीची गोष्ट निराळी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले, व अनेक डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी बसली. राख अधिक देणारें तेल ह्या गाळणीस हळूहळू बुजवितें. म्हणून तेथें कमी राखेचें, एसीईएच्या सी गटांतील तेल पुस्तिका सांगत असेल, तर तेंच घ्यावें.

तिसरी नोंद गाडी बनविणाऱ्या कंपनीच्या मंजुरीची, आणि येथें फार सावध राहावें लागतें. कांहीं कंपन्यांचे स्वतःचे क्रमांक असतात. उदाहरणार्थ फोक्सवॅगनचा ५०२ ०० किंवा ५०८ ००. डब्यावर एके ठिकाणीं “मंजूर” असें लिहिलेलें असतें, तर दुसऱ्या ठिकाणीं “ह्या क्रमांकास योग्य” असें. हे दोन शब्द एक नव्हेत. तलाठ्यानें फेरफाराची नोंद धरणें आणि मंडळ अधिकाऱ्यानें ती प्रमाणित करणें ह्यांतील अंतर आमच्या वाचकांस सांगावयास नको. “योग्य” म्हणजे तेलवाल्याचा स्वतःचा दावा; “मंजूर” म्हणजे गाडीवाल्यानें तपासून दिलेली मान्यता. गाडी हमीच्या मुदतींत असेल, तर प्रमाणित नोंदच पाहावी व पावती जपून ठेवावी.

तेल योग्य मिळालें म्हणजे काम संपलें असें नाहीं. पुस्तिकेंत दहा किंवा पंधरा हजार किलोमीटर अथवा एक वर्ष, ह्यांपैकीं जें आधीं होईल तें, अशी मुदत बहुधा असते. परंतु तींतच कठीण वापरासाठीं कमी मुदत सांगितलेली असते, ती ओळ आपणांसच लागू आहे. वस्तीपासून गांवापर्यंत दोन मैलांच्या फेऱ्या, कच्च्या वाटेचा फुफाटा, हंगामांत उसाच्या गाड्यांमागें रखडणें, हा सर्व कठीण वापरच होय. लहान फेऱ्यांत तेल पुरतें तापत नाहीं आणि न जळलेलें पेट्रोल त्यांत उतरून तें पातळ होतें. डिपस्टिकवर तेलाची पातळी वाढलेली दिसली व पेट्रोलाचा वास आला, तर “तेल वाढलें” म्हणून समाधान मानूं नये. तें तत्काळ बदलावें. महिन्यांतून एकदां, सपाट जागीं, इंजिन बंद करून दहा मिनिटांनीं पातळी पाहण्यास कांहीं खर्च येत नाहीं.

चालविण्याची संवयही तशीच. गुऱ्हाळांत काहिलीखालीं जाळ धगधगत असतां ढवळणें थांबविलें, तर रस बुडाशीं करपतो, हें आपण जाणतों. भरधाव आलेली गाडी दारांत उभी करून लगेच किल्ली फिरविली, तर तप्त टर्बोंतील तेल थांबतें व तसेंच करपतें. नव्या गाड्यांत पाण्यानें थंड करण्याची सोय असते. तरीही जोराच्या प्रवासानंतर मिनिट-दोन मिनिटें इंजिन संथ चालूं द्यावें, आणि सकाळीं सुरू करतांच तें रेटूं नये.

येथें कांहीं वडीलधारे म्हणतील, “आमचा ट्रॅक्टर वीस वर्षें चालला, तेव्हां कोणीं डबे वाचले?” त्यांचा अनुभव खोटा नाहीं. पण तें टर्बो नसलेलें, मिनिटास दोन हजारांच्या आसपास फेरे घेणारें संथ डिझेल इंजिन होतें. गावरान ज्वारीस जें खत-पाणी चाललें, तें द्राक्षबागेस चालत नाहीं. दुसरा आक्षेप किंमतीचा. बहुतेक लहान टर्बो गाड्यांत साडेतीन ते पांच लिटर तेल मावतें. लिटरमागें कांहीं शें रुपयांचा फरक वर्षाकांठीं सोसणें कठीण कीं हजारों रुपयांचा टर्बो बदलणें कठीण, हा हिशेब ज्याचा त्यानें करावा.

आतां आमची सूचना. आपल्या नगर शहरालगत संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आहे; तेथें गाड्यांची परीक्षा मोजमापानें होते, अंदाजानें नव्हे. त्याच जिल्ह्यांतील शेतकऱ्यानें आपली गाडी “तेल तें तेलच” ह्या वाक्यावर सोंपवावी, हें शोभत नाहीं. बी व खत घेतांना आपल्या सहकारी संस्थांनीं पिशवीवरील अक्षर वाचण्यास आपणांस शिकविलें. तेंच काम तेलाविषयींही व्हावें. संस्थांनीं आपल्या विक्रीकेंद्रांत ट्रॅक्टरचें व मोटारीचें तेल निरनिराळें ठेवावें, सुटें तेल गाडीसाठीं देऊं नये, आणि रिकामा डबा फोडूनच टाकावा, म्हणजे त्यांत बनावट माल भरला जाणार नाहीं. गाडी विकणाऱ्यांकडून तेलाच्या नोंदीचें एक पान मराठींत मागून घेणें हा ग्राहकाचा हक्क मानावा. आमच्या पाहण्यांत आलेल्या पुस्तिका इंग्रजींत होत्या, आणि त्या गाडीच्या कप्प्यांतच न उघडतां पडून होत्या.

वाचकांस इतकीच विनंती कीं, आज घरीं गेल्यावर ती पुस्तिका बाहेर काढावी. मुलास किंवा नातीस जवळ बसवून तेलाचें पान वाचून घ्यावें, त्या तीन नोंदी मराठींत एका कागदावर लिहाव्या, आणि तो कागद गाडींत ठेवावा. पुढच्या वेळीं कोणी डबा उघडूं लागेल, तेव्हां कागद व डबा शेजारीं धरून अक्षर जुळतें कीं नाहीं तें पाहावें, व जुळलें तरच तेल ओतूं द्यावें. आम्हीं त्या दिवशीं एवढेंच केलें असतें, तर इमामपूरच्या घाटांत उभें राहण्याची पाळी आम्हांवर आली नसती.