मजकूर आपला, यंत्र कुणाचंही

रमजान तोंडावर आला की घराघरांत विचारणा सुरू होते, सहरी-इफ्तारचं वेळापत्रक आलं का? जमातीची वेबसाइट उघडावी तर तिथे गेल्या वर्षीचं वेळापत्रक. शाळेच्या वेबसाइटवर जुन्याच प्रवेशाची सूचना. ट्रस्टच्या पानावर, इंतकाल होऊन दोन वर्षं झालेल्या सदरसाहेबांचं नाव अजून अध्यक्ष म्हणून. अंधेरी-जोगेश्वरीत विचारा की घाटकोपर-कुर्ल्यात, उत्तर बहुतेक ठिकाणी एकच मिळतं, “ज्या मुलानं बनवली होती, तो दुबईला गेला.”

यात त्या मुलाला बोल लावू नये. त्यानं बहुधा रात्री जागून, एक पैसा न घेता काम केलेलं असतं. खोट आहे ती मांडणीत. काय सांगायचं आणि ते कशाच्या जोरावर दाखवायचं, या दोन वेगळ्या गोष्टी. त्या एकाच गाठीत बांधल्या आणि गाठ सोडवण्याचं कसब एकाच्याच हाती राहिलं, तर तो गेल्यावर सगळंच अडतं.

मजकूर आणि त्याचं साधन वेगळं असतं, हे आपल्याला कुणी नव्यानं शिकवायला नको. कुरआनचे सुरुवातीचे मुसहफ आजच्यासारखे दिसत नव्हते. नुक्ते आणि एराबच्या खुणा पुढे आल्या, कूफी वळणानंतर नस्ख रूढ झालं, मग छापखाना आला आणि आता मोबाइल. मतन तेच राहिलं, कारण ते हाफिजांच्या सीन्यात होतं, कुठल्या एका कागदावर अवलंबून नव्हतं. २००७ साली सुरू झालेल्या ‘तन्जील’ प्रकल्पानं हेच मतन संगणकासाठी युनिकोडमध्ये काटेकोर तपासून ठेवलं. अनेक वेबसाइट आणि अ‍ॅप तिथूनच मतन घेतात. एखादं अ‍ॅप उद्या बंद पडलं तरी मतनाला काही होत नाही.

वेबसाइटच्या जगाला हे उमगायला थोडा वेळ लागला. सुरुवातीला प्रत्येक पान म्हणजे एक स्वतंत्र फाइल असे. मजकूर, रंग, अक्षरांचा आकार, सगळं त्यातच कालवलेलं. शाळेचा फोन नंबर चाळीस पानांवर असेल, तर बदलताना चाळीस फाइली उघडायच्या. डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएस नावाची पद्धत अधिकृत झाली आणि पानाचं रूप मजकुरापासून वेगळं ठेवता येऊ लागलं. पुढे मजकूर एका कोठारात, पानाचा साचा दुसरीकडे आणि दोन्ही जुळवणारं सॉफ्टवेअर तिसरीकडे, अशी व्यवस्था रुळली. मे २००३ मध्ये आलेलं वर्डप्रेस याच जातीचं. मराठी विकिपीडियाही त्याच वर्षी, १ मे रोजी सुरू झाला. तिथे लिहिणाऱ्याला प्रोग्रामिंग यावं लागत नाही. खालचं सॉफ्टवेअर किती वेळा बदललं, पण लेख आपल्या जागी आहेत.

उलट उदाहरणही आहे. एके काळी शाळा-कॉलेजांना फ्लॅशमध्ये केलेल्या हलत्या-चमकत्या वेबसाइटची भारी हौस होती. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार थांबला. ज्यांनी मजकूर त्यातच भरला होता, त्यांची पानं आता साध्या ब्राउझरमध्ये उघडत नाहीत.

आपल्या दोन्ही भाषांना या गाठीचा जास्तच त्रास झाला. इनपेजमध्ये टाइप केलेली उर्दू सूचना चित्र करून वेबसाइटवर चिकटवली जाते. ती दिसते, पण शोधली तर सापडत नाही आणि डोळ्यांनी अधू माणसाचा फोन ती वाचून दाखवू शकत नाही. जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर तर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निव्वळ खुणांचा ढीग होतो. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो, फॉन्ट हा फक्त त्याचा पेहराव. नस्तालीक घाला नाहीतर नस्ख, शब्द तोच. म्हणून मजकूर नेहमी युनिकोडमध्येच लिहावा.

नावाचा मुद्दाही असाच. ‘.इन’ने संपणाऱ्या नावांची नोंद सुरुवातीची अनेक वर्षं आपल्या उपनगरातूनच, जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेतून होत असे. जानेवारी २००५ पासून नवी व्यवस्था आली आणि कारभार दुसरीकडे गेला. तरी जुनी नावं चालू राहिली. सांभाळणारा बदलला, अमानत शाबूत राहिली. आपल्याकडे मात्र ट्रस्टच्या वेबसाइटचं नाव कुणाच्या तरी भाच्याच्या ईमेलवर नोंदलेलं असतं. नूतनीकरणाची आठवण त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहते, मुदत टळते आणि नाव हातचं जातं.

मग करायचं काय? पहिलं, नाव आणि जागा संस्थेच्या नावावर, संस्थेच्याच ईमेलवर घ्या. दुसरं, कामं वाटून द्या. वर्डप्रेसमध्ये प्रशासक, संपादक, लेखक असे वेगवेगळे अधिकार देता येतात. संपादकाला सगळा मजकूर बदलता येतो, पण सॉफ्टवेअरच्या पुर्जांना हात लावता येत नाही. म्हणजे शिष्यवृत्तीची तारीख शाळेच्या क्लार्कबाई टाकतील, नमाजच्या वेळा मशिदीचे मुअज्जिनसाहेब, वाचनालयाची नवी पुस्तकं तिथल्या आपा. ज्याला माहिती ठाऊक, त्याच्याच हातात ती बदलण्याची सोय. तंत्रज्ञानं यंत्राची काळजी घ्यावी.

तिसरं, दर महिन्याला मजकुराची प्रत काढा. वर्डप्रेसमध्ये निर्यातीची सोय आहे, सगळे लेख एका फाइलीत उतरतात. मात्र त्या फाइलीत फोटोंचे फक्त पत्ते असतात, फोटो वेगळे उतरवून ठेवावे लागतात. सजावटीच्या जोडण्याही जपून घ्या. काही जोडण्या मजकुरात आपल्या खुणा पेरतात आणि बंद केल्या की पानभर कंसातली अक्षरं उरतात. सगळं फक्त फेसबुकवर ठेवणं हा तर उपाय नव्हेच. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, हे तिथे रमलेल्या पिढीला आठवत असेल.

चौथं, लिहून ठेवा. सूरह बकराची २८२ वी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगते आणि ती कुरआनमधली सर्वांत लांब आयत आहे. तरीही ‘घरचाच मुलगा आहे’ म्हणून आपण काहीच लिहीत नाही. काम देताना एका कागदावर मांडा: पासवर्ड कुणाकडे, खर्च कोण भरणार, काम सोडताना काय सोपवायचं. यात अविश्वास नाही, उलट त्या मुलावरचा उद्याचा आळ टळतो.

हे सगळं केलं तरी मजकूर आपोआप ताजा राहत नाही, तो कुणीतरी मनावर घ्यावाच लागतो. पण आज मनावर घेणाऱ्या बाईंच्या हातात किल्लीच नसते. जुनी तारीख वाचून एखादी मुलगी अर्ज भरायची राहिली, तर ते नुकसान कुठलं सॉफ्टवेअर भरून देणार?

तुमच्या जमातीच्या, शाळेच्या किंवा सोसायटीच्या पुढच्या बैठकीत तीनच प्रश्न विचारा. वेबसाइटचं नाव कुणाच्या नावावर आहे? मजकूर कोण कोण बदलू शकतं? आणि त्याची प्रत आपल्याकडे कुठे आहे? तिन्ही उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या.