बाळंतपणाचा भाव कोण ठरवतो?



कापसाचा भाव आपण ठरवत नाही. ज्वारीचा ठरवत नाही. बियाणे, खत, औषध यांचा तर नाहीच. जिल्ह्याच्या बैठकांतून हे आपण इतक्या वेळा बोललो आहोत की पोरासोरांनाही पाठ झाले आहे. पण आणखी एक भाव आहे, ज्याबद्दल बैठकीत कोणी तोंड उघडत नाही. तो म्हणजे घरातल्या बाळंतपणाचा भाव. बायकांची गोष्ट निघाली की पुरुष तंबाखू मळत बाहेर जातात. आणि बिल हातात पडले की तेच पुरुष घरातला कापूस टेम्पोत भरतात.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. २०२५-२६ च्या हंगामात माझ्या पुतणीचे पहिले बाळंतपण झाले. तिचा नवरा चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. राहायला एक खोली. माझा भाऊ जालना जिल्ह्यात पाच एकर कोरडवाहू करतो. पहिले बाळंतपण माहेरी, असे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी ठरवले. पण केव्हा यायचे, नाव कुठे नोंदवायचे, यातले काहीच ठरले नाही. जावयाला सुट्टी मिळेना, एस.टी.चा प्रवास नको वाटू लागला, आणि आठवा महिना सरला.

एका रात्री साडेअकराला कळा सुरू झाल्या. शेजाऱ्याने ओळखीचा रिक्षावाला बोलावला. रिक्षावाल्याने त्याच्या ओळखीच्या दवाखान्यात नेले. दवाखान्याचे नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका दवाखान्याचा नाही. पहाटे चारला कागद पुढे आला, "बाळ गुदमरतंय, सही करा." पोरीला कोणी काही विचारले नाही. सहीसुद्धा नवऱ्याची घेतली. सिझेरियन झाले. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, याचा आनंद आहेच. बिल झाले अडुसष्ट हजार. भावाने दारात आलेल्या व्यापाऱ्याला सात हजार रुपये क्विंटलने कापूस घातला. त्या वर्षी लांब धाग्याचा हमीभाव ८११० रुपये होता. जवळजवळ दहा क्विंटल कापूस गेला. म्हणजे दोन एकरांचे वर्षभराचे पीक.

त्या सिझेरियनची गरज होती का? मला माहीत नाही. असेलही. भावाला माहीत नाही, जावयाला माहीत नाही आणि जिच्या पोटावर टाके आहेत तिलाही माहीत नाही. माझे दुखणे ते आहे.

सल्ला त्याचा, बाटलीही त्याचीच

मी शेतीचा पदवीधर. परभणीला शिकलो. कीड दिसली की फवारणी करू नका, कीड नुकसानीची पातळी ओलांडते का ते पाहा, हा आमचा धडा. गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे लावायचे. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ पतंग आले, तर औषध घ्यायचे. हा धडा मी गावोगाव सांगितला. पण तुम्ही पान हातात धरून कृषी केंद्रावर जाता. तिथे सल्ला देणारा आणि बाटली विकणारा एकच असतो. मग बाटली घेतल्याशिवाय तुम्ही परत येत नाही. दुकानदार वाईटच असतो असे नाही. धंद्याची मांडणीच तशी आहे.

बाळंतपणाचेही तसेच झाले आहे. सिझेरियन हे औषध आहे, आणि जालीम औषध आहे. बाळ आडवे असेल, वार खाली आली असेल, कळा देऊनही वाट अडली असेल, तर सिझेरियननेच दोन जीव वाचतात. याबद्दल वाद नाही. पण पातळी पाहायची की नाही? १९८५ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की शंभर बाळंतपणांत दहा ते पंधरांहून जास्त सिझेरियन लागण्याचे कारण नाही. आता आपल्या देशाचे आकडे बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सरकारी दवाखान्यांत शंभरात १४.३ बाळंतपणे सिझेरियनने झाली. खाजगीत ४७.४! गुंतागुंतीची बाई तालुक्याहून जिल्ह्याला पाठवतात ती सरकारी दवाखान्यातच. तरी खाजगीत आकडा तिपटीहून जास्त. दवाखान्याचा दरवाजा बदलला म्हणून बाईची कंबर अरुंद होते काय?

पहिलटकरणीला वेळ लागतो. कळा नीट धरल्यापासून बारा बारा तास जाऊ शकतात. या काळात तिच्याजवळ कोणीतरी बसावे लागते, बाळाचे ठोके ऐकावे लागतात, तिला उठवावे, चालवावे, धीर द्यावा लागतो. बसून राहण्याचे पैसे मिळत नाहीत. टाके घालण्याचे मिळतात. कापणाऱ्याला दाम आणि थांबणाऱ्याला काही नाही, अशा बाजारात थांबणार कोण?

हा पेच आपल्या कोरडवाहू जिल्ह्यांनी आधीही भोगला आहे. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांची तपासणी झाली. ब्याऐंशी हजारांवर बायका तपासल्या, त्यांत तेरा हजारांवर बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. कोणत्या शस्त्रक्रियेची गरज आहे हे विचारायला त्यांच्या बाजूने एकही जाणकार माणूस नव्हते.

सुईणीचे काय?

इथे काही मंडळी म्हणतील, आमच्या आज्या घरीच बाळंत झाल्या, सुईण होती, काही बिघडले नाही. भावांनो, ज्यांचे बिघडले त्या सांगायला उरल्या नाहीत. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव दोन-चार तासांत धडधाकट बाईला संपवतो. झटके आले तर गावची सुईण काही करू शकत नाही. २०१८-२० च्या गणतीत महाराष्ट्रात लाख जन्मांमागे ३३ माता दगावल्या, देशाचा आकडा ९७ होता. हा फरक पडण्यात दवाखान्यातल्या बाळंतपणाचा मोठा वाटा आहे. तो हातचा सोडायला मी सांगत नाही.

आणि गावात सुई टोचणाऱ्यांपासून तर हात जोडून सांगतो, दूर राहा. म्हशीचा पान्हा सोडायला जे औषध चोरून टोचतात, तेच काही जण कळा वाढाव्यात म्हणून बाईला टोचतात. त्याने गर्भपिशवी फाटते, बाळ गुदमरते. तेच औषध बाळ बाहेर आल्यावर लगेच, जाणत्या हाताने दिले तर रक्त थांबवते, जीव वाचवते. फरक औषधात नाही, देणाऱ्याच्या शिक्षणात आहे.

पण सुईणीला आपण घालवले, तेव्हा तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली. ती बाईजवळ बसत होती. तिची बोली बोलत होती. सकाळपर्यंत थांबत होती. त्या जागी शिकलेली सुईण आलीच नाही. एकदम सर्जन आला. मधली पायरीच गायब!

ही मधली पायरी गावच्या बाया चढू शकतात, याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ज्वारीच्या दुष्काळी पट्ट्यातल्या, शाळा न पाहिलेल्या बायकांना आरोग्याचे काम शिकवले, त्यांनी बाळंतपणे केली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या बायकांना नवजात बाळाची निगा शिकवली. तिथले बालमृत्यू किती घटले याचा अहवाल १९९९ साली जगातल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले होते.

केंद्र सरकारलाही उशिरा का होईना ही पायरी आठवली. २०१८ साली प्रसाविका सेवेची मार्गदर्शक तत्त्वे निघाली. नर्सला अठरा महिन्यांचे वेगळे शिक्षण द्यायचे, साधी बाळंतपणे तिनेच करायची, अडले तर डॉक्टर जवळ हवा. शेजारच्या तेलंगणात २०१९-२१ च्या पाहणीत शंभरात साठ बाळंतपणे सिझेरियनने झाली होती. त्या राज्याने २०१७ पासूनच अशा प्रसाविका तयार करायला घेतल्या. नांदेड-यवतमाळच्या वेशीपलीकडे जे सुरू होते, ते आपल्या तालुक्यात का मागायचे नाही?

चाकणच्या खोलीतली लेक

आता आपल्या लेकीसुना कुठे आहेत ते पाहा. ज्या चाकणच्या कांद्याने १९८० साली शेतकऱ्याचे आंदोलन उभे केले, त्या चाकणच्या शिवारात आज मोटारी तयार होतात. भोसरी, चिंचवड, तळवडे, म्हाळुंगे, खोल्याखोल्यांत मराठवाड्याची आणि विदर्भाची पोरे आहेत. पोरगी तिथे परकी असते. सासू गावाकडे, आई गावाकडे. कार्ड गावचे, सोनोग्राफी तिथली. रात्री बाहेर पडावे तर नाशिक रस्त्यावर गाड्यांची रांग. अशा वेळी जो पहिला भेटेल तो तिचा दवाखाना ठरवतो.

तिला तिथे हक्काच्या जागा आहेत, त्या तिला कोणी सांगत नाही. चाकणला ग्रामीण रुग्णालय आहे. पिंपरीला महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. औंधला जिल्हा रुग्णालय आहे. नवऱ्याच्या पगारातून ई.एस.आय. कापले जात असेल तर चिंचवडला मोहननगरात कामगार विम्याचे रुग्णालय आहे, आणि तो हक्क बायकोलाही आहे. ठेकेदार पैसे कापतो पण नंबर देत नाही, असे असेल तर ते भांडण सातव्या महिन्यात करायचे, कळा सुरू झाल्यावर नव्हे.

२०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट आहे. सिझेरियनसुद्धा. औषध, रक्त, जेवण, नेण्या-आणण्याची गाडी, सगळे त्यात येते. गाडीसाठी १०२, जिवावर बेतले तर १०८. खाजगीत जायचे असेल तर जरूर जा, तो तुमचा अधिकार आहे. पण २०२१ च्या नियमांप्रमाणे तिथे रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक भिंतीवर लावलेले पाहिजे. ते वाचून पाऊल टाका.

सरकारी दवाखान्यात सगळे गोड आहे असे मी म्हणत नाही. तिथे बाईच्या अंगावर ओरडतात, एका खाटेवर दोघी झोपवतात, हे आपल्या बायका मला सांगतात. म्हणून तर ती जागा खाजगीच्या तोंडात सोडायची नाही. तिथे भांडायचे.

विचारायचे कोणाला?

पुण्यात १८६३ साली सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवेला निर्धास्त बाळंत होता यावे म्हणून. बाईने कुठे आणि कोणाच्या हाती बाळंत व्हावे हा न्यायाचा प्रश्न आहे, हे त्यांना तेव्हा कळले होते. आपल्यातल्या किती जणांनी लक्ष्मीमुक्तीत बायकोच्या नावावर जमीन केली! सातबाऱ्यावर तिचे नाव चालते, मग बाळंतपणाची जागा ठरवताना तिचा शब्द का चालत नाही?

म्हणून सातवा लागला की घरात बैठक बसवा. तिला मध्ये बसवा. माहेरी यायचे असेल तर सातव्यातच या, कार्ड आणि सगळे कागद घेऊन या, गावच्या आशाताईकडे आणि नर्सबाईकडे नाव घाला. तिकडेच राहायचे असेल तर आईने वा सासूने आधी जाऊन राहावे. आणि दवाखान्यात जाऊन हे प्रश्न विचारा:

रात्री दोन वाजता इथे कोण असते? रक्ताची सोय कुठे आहे? शस्त्रक्रिया इथेच होते की पुढे पाठवता? शंभरात किती सिझेरियन करता? माझी आई माझ्याजवळ थांबू शकेल का? मला उठून चालता येईल का? दर कागदावर द्याल का?

चिडून उत्तर देईल त्या दवाखान्यात पाऊल ठेवू नका. बियाणाची पिशवी घेताना लॉट नंबर पाहणारे आपण, इथे गप्प का?

मात्र रक्त जाऊ लागले, डोके फुटेल इतके दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहरा सुजला, झटका आला, पाणी गेले, ताप चढला किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर प्रश्न विचारत बसू नका. मोठ्या दवाखान्याची वाट धरा. नुकसानीची पातळी ओलांडली ती हीच.

येत्या जिल्हा बैठकीत मी तीन ठराव मांडणार आहे. एक, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात चोवीस तास प्रशिक्षित प्रसाविका हवी. दोन, प्रत्येक दवाखान्याने, सरकारी असो वा खाजगी, वर्षाला किती बाळंतपणे आणि त्यांत किती सिझेरियन, याचा फलक दारात लावावा. तीन, पिंपरी-चिंचवड आणि चाकणला आपल्या जिल्ह्याची जी पोरे आहेत, त्यांच्या खोल्यांचे पत्ते गावागावाने गोळा करावेत आणि तिथे प्रत्येक वस्तीत आपली एक जाणती बाई असावी, जिचा नंबर प्रत्येक गरोदर लेकीजवळ राहील.

पहिल्या दोन ठरावांसाठी सरकारशी भांडावे लागेल. तिसऱ्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. बैठकीला येताना तिकडच्या लेकीचा पत्ता आणि तिला कितवा महिना आहे ते कागदावर लिहून आणा. आणि या वेळी एकट्याने येऊ नका, घरातल्या बाईला बरोबर आणा. या ठरावांवर पहिले तीच बोलेल.