बहुश्रुत होण्याचें नवें साधन आणि त्याची निवड

आपल्या भाषेंत ज्ञानी मनुष्यास 'बहुश्रुत' म्हणतात. ज्यानें पुष्कळ ऐकलें तो बहुश्रुत. छापील पुस्तकें घरोघर येण्यापूर्वीं देवळांतील कीर्तन, आजीच्या तोंडची गोष्ट आणि चावडीवरील वार्ता ह्यांवरच कितीएक पिढ्या शहाण्या झाल्या, तेव्हां हा शब्द रूढ व्हावा ह्यांत नवल नाहीं. मात्र त्या काळीं ऐकणाऱ्यास निवडीचा प्रश्न फारसा पडत नसे. गांवांत जो कीर्तनकार येईल त्याचें कीर्तन ऐकावयाचें. पुढें २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईस नभोवाणीचें केंद्र सुरू झालें. तरी तेथेंही वेळ केंद्राची आणि कार्यक्रमही केंद्राचाच. श्रोत्याच्या हातीं यंत्राची कळ फिरविणें एवढेंच राहिलें.

आज घरोघरीं जो स्मार्टफोन आला आहे, त्यानें ही स्थिति पालटून टाकिली आहे. पॉडकास्ट म्हणजे आपल्या सोयीनें केव्हांही ऐकतां येणाऱ्या ध्वनिमुद्रित भागांची मालिका. इतिहास, विज्ञान, कथा, भाषा, आरोग्य, शेती, अशा नाना विषयांवर त्या निघत असतात. वेळ आपली, विषय आपला, आणि मध्येंच थांबविण्याचा अधिकारही आपलाच. तेव्हां त्या ऐकण्यासाठीं कोणतें अ‍ॅप घ्यावें, हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक असला तरी त्याच्या पोटीं दुसरा मोठा प्रश्न आहे. आमच्या कानांवर काय पडावें हें ठरविणार कोण, आम्ही कीं तें अ‍ॅप? "कोणतेंही घे, सगळीं सारखींच" असें म्हणून वडील माणसें हा प्रश्न पुष्कळदां उडवून लावितात. आमच्या मतें तीं सारखीं नाहींत. आणि कां नाहींत हें समजण्यास ह्या साधनाची मूळ घडण आधीं पाहिली पाहिजे.

२००० सालच्या अखेरीस डेव्ह वायनर ह्या अमेरिकन संगणकज्ञानें 'आरएसएस' नांवाच्या पद्धतींत ध्वनीची फाइल जोडण्याची सोय केली. ही पद्धति अगदीं साधी आहे. कार्यक्रम करणारा मनुष्य इंटरनेटवर एक यादी ठेवितो. प्रत्येक भागाचें नांव, तारीख आणि त्याची ध्वनिफाइल कोठें मिळेल तो पत्ता, एवढें त्या यादींत असतें. हिलाच 'फीड' म्हणतात. ही यादी कोणासही वाचतां येते. अ‍ॅपनें अधूनमधून ती पाहावी आणि नवा भाग आला असल्यास आपणांस आणून द्यावा. म्हणजे अ‍ॅप हा आपला पोस्टमन झाला. पत्र लिहिणारा तो नव्हे, आणि कोणाचीं पत्रें आपण घ्यावींत हें सांगण्याचें कामही त्याचें नव्हे.

'पॉडकास्टिंग' हा शब्द फेब्रुवारी २००४ मध्यें बेन हॅमर्स्ली ह्या पत्रकाराच्या 'गार्डियन' पत्रांतील लेखांत प्रथम सुचविला गेला. जून २००५ मध्यें अ‍ॅपल कंपनीनें आपल्या आयट्यून्समध्यें पॉडकास्टांस जागा दिली आणि त्यांचा प्रसार झपाट्यानें वाढला. ज्या आयपॉड यंत्रावरून हें नांव पडलें, त्याचें उत्पादन २०२२ मध्यें थांबलें. परंतु पॉडकास्ट चालूच आहेत. यंत्र गेलें तरी ती खुली यादी कोणा एकाच्या मालकीची नव्हती, म्हणून ती राहिली. विद्यार्थ्यांनीं हें मनांत बाळगावें. पुढील सर्व विवेचन ह्याच एका गोष्टीवर उभें आहे.

अलीकडे कांहीं पोस्टमन दुकानदारही होऊं लागले आहेत. पहिल्याच पानावर आपण मागितलेलें न ठेवितां त्यांना खपवावयाचें असेल तें ते मांडितात. त्याहून पुढची पायरी अशी कीं, एखादा कार्यक्रम दुसऱ्या कोणाकडे मिळूंच द्यावयाचा नाहीं. स्पॉटिफाय कंपनीनें २०२० सालीं जो रोगन ह्या अमेरिकन निवेदकाच्या अतिशय लोकप्रिय कार्यक्रमाचे हक्क घेतले. त्यानंतर तो इतर पॉडकास्ट-अ‍ॅपांत मिळेनासा झाला. २०२४ मध्यें नवा करार होऊन तें बंधन सैल करण्यांत आलें. कार्यक्रमाच्या गुणदोषांशीं येथें आम्हांला कर्तव्य नाहीं. खुल्या रस्त्यावरही फाटक बसवितां येतें, एवढेंच ह्यावरून ध्यानांत घ्यावें. म्हणून अ‍ॅप निवडतांना आम्ही तीन कसोट्या सुचवितों.

पहिली कसोटी ही कीं, ह्या अ‍ॅपमधून आपलें सामान घेऊन निघून जातां येतें काय? गूगल कंपनीनें २०१८ सालीं 'गूगल पॉडकास्ट्स' हें अ‍ॅप काढिलें. तें विनामूल्य होतें, सुटसुटीत होतें, आणि जगांतील एका बलाढ्य कंपनीचें होतें. तरीही २०२४ सालीं तें बंद झालें. तत्पूर्वीं २०२३ च्या ऑगस्टांत 'स्टिचर' हें जुनें अ‍ॅपही बंद झालें होतें. गूगलनें आपल्या श्रोत्यांस आवडत्या कार्यक्रमांची यादी 'ओपीएमएल' नांवाच्या लहानशा फाइलींत उतरवून नेण्याची सोय दिली. ज्यांनीं ती मुदतींत उतरवून घेतली, त्यांना नव्या अ‍ॅपमध्यें ती घालतांच सर्व कार्यक्रम पूर्ववत् मिळाले. ज्यांना ह्याची वार्ताच नव्हती त्यांना आठवून आठवून यादी पुन्हां करावी लागली. तेव्हां अ‍ॅप घेतांना त्याच्या सेटिंगमध्यें ओपीएमएल यादी बाहेर काढण्याची सोय आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें. कंपनी मोठी आहे एवढ्यावर विसंबूं नये.

दुसरी कसोटी खर्चाची व सोयीची. बोलण्याची ध्वनिफाइल सेकंदास ६४ किलोबिट ह्या प्रमाणांत केलेली असली, तर एका तासास सुमारें २९ मेगाबाइट लागतात; १२८ किलोबिटांची असली तर सुमारें ५८. म्हणजे पहिल्या प्रमाणानें एका गिगाबाइटांत चौतीस तासांचें श्रवण होतें. त्याच तासाचें चलच्चित्र पाहूं गेल्यास ह्याच्या कितीतरी पट डेटा खर्च होतो. ज्या घरीं एकच फोन आई, वडील आणि दोन मुलें ह्यांच्यांत फिरतो, तेथें हा हिशेब लहान नव्हे. म्हणून भाग आधींच उतरवून ठेवितां येतो काय, शाळेंतील अथवा वाचनालयांतील वाय-फायवरच तो उतरवावा असें अ‍ॅपला बजावतां येतें काय, आणि ऐकून झालेला भाग आपोआप पुसला जाऊन फोनमधील जागा मोकळी होते काय, हें तपासावें. एस. टी. घाटांत शिरली किंवा आगगाडी कसाऱ्याच्या बोगद्यांत गेली म्हणजे जें अ‍ॅप मुकें होतें, तें प्रवासी विद्यार्थ्याच्या काय कामाचें?

तिसरी कसोटी आमच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची आहे. हें अ‍ॅप थांबतें काय? आपण निवडलेला भाग संपला कीं कांहीं अ‍ॅप्स लागलीच दुसरें कांहींतरी वाजवूं लागतात. तो दुसरा भाग आपण मागितलेला नसतो. आपण अधिक वेळ तेथें रेंगाळावें म्हणून तो पुढें केलेला असतो. मोठ्या माणसांसही हा मोह आवरत नाहीं, मग तेरा वर्षांच्या मुलाची गोष्ट कशाला! चांगल्या अ‍ॅपमध्यें आपण स्वतः लावलेली रांग असते. ती संपली म्हणजे शांतता. रात्रीं ऐकण्याची संवय असल्यास ठराविक मिनिटांनीं आवाज बंद करणारें घड्याळही असतें. ऐकल्यावर जी शांतता मिळते तींतच ऐकलेलें मनांत मुरतें. आपल्याकडे श्रवणानंतर मनन सांगितलें आहे, लगेच दुसरें श्रवण सांगितलेलें नाहीं.

ह्याच ओघांत आणखी एका सोयीविषयीं लिहिलें पाहिजे. बहुतेक अ‍ॅपांत बोलण्याचा वेग वाढवितां येतो, आणि कांहींत वक्त्याचे मधले विरामही कापून टाकतां येतात. बातम्यांस किंवा दुसऱ्यांदां ऐकावयाच्या धड्यास हें ठीक आहे. परंतु कथा, नाट्य, कविता किंवा परकी भाषा ऐकतांना ह्या सोयीचा उपयोग करूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे. कसलेला कीर्तनकार आख्यान ऐन रंगांत आलें असतां क्षणभर थांबतो, आणि त्या थांबण्यानेंच सभा हेलावते. तो क्षण कापून जो वेळ वाचला, तो वांचवून आपण काय मिळविलें?

आतां आक्षेपांकडे वळूं. कोणी म्हणेल, "मराठींतील पुष्कळ पॉडकास्ट यूट्यूबवरच असतात, मग वेगळें अ‍ॅप हवेंच कशाला?" ह्यांत तथ्य आहे. कांहीं मराठी मालिका केवळ तेथेंच मिळतात, आणि त्या ऐकूं नयेत असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु आपल्या देशांत पैसे भरल्याखेरीज तेथें पडदा बंद करून ऐकतां येत नाहीं, आणि पडदा उघडा राहिला कीं डोळे भलतीकडे जातात. म्हणून जी मालिका फीडवर मिळते ती पॉडकास्ट-अ‍ॅपमध्येंच ऐकावी. जी मिळत नाहीं तेवढ्यापुरतेंच यूट्यूबकडे जावें. मराठी मालिका करणाऱ्यांसही आमची नम्र सूचना आहे कीं, आपला ध्वनि खुल्या फीडवरही ठेवावा. ज्याच्याजवळ डेटा थोडा त्या श्रोत्यावर त्यांचे मोठे उपकार होतील.

दुसरा आक्षेप पालकांचा. ते म्हणतात, "मुलाच्या हातीं फोन देणें हेंच मुळांत अनर्थाचें कारण, पुस्तक काय वाईट आहे?" पुस्तकाची जागा पॉडकास्ट घेईल असें आम्हांलाही वाटत नाहीं. परंतु भाकरी भाजतांना, शेताच्या वाटेवर किंवा बसच्या गर्दींत उभें असतां पुस्तक उघडतां येत नाहीं. कान मात्र मोकळे असतात. शिवाय फोन खिशांत ठेवून ऐकणारा मुलगा पडद्याकडे पाहात बसलेल्या मुलाहून पुष्कळच स्वतंत्र असतो. मात्र पालकांनीं एक खबरदारी घ्यावी. प्रौढांसाठीं असलेल्या भागांवर तशी खूण करण्याची पद्धति आहे, पण ती खूण कार्यक्रम करणारा स्वतःच करीत असतो. तीवर सर्वस्वीं भिस्त न ठेवितां नव्या मालिकेचा पहिला भाग मुलासह बसून ऐकावा. ह्यास अर्धा तास लागेल; पण आपला मुलगा काय ऐकतो हें जाणण्याचा ह्याहून चांगला उपाय आम्हांस माहीत नाहीं.

मग घ्यावें तरी कोणतें? अँड्रॉइड फोन असल्यास 'अँटेनापॉड' हें अ‍ॅप आमच्या मतें विद्यार्थ्यांस सर्वांत योग्य. स्वयंसेवकांनीं चालविलेलें हें अ‍ॅप विनामूल्य आहे. त्यांत अ‍ॅपच्या स्वतःच्या जाहिराती नाहींत, खातें उघडावें लागत नाहीं, आणि त्याची घडण कोणासही पाहतां येते. 'पॉकेट कास्ट्स' हें अँड्रॉइड व आयफोन ह्या दोहोंवर चालतें; २०२१ सालीं तें ऑटोमॅटिक ह्या कंपनीनें घेतलें आणि २०२२ मध्यें त्याच्या फोनवरील अ‍ॅप्सची घडणही खुली केली. आयफोनवर मार्को आर्मेंट ह्यांनीं २०१४ पासून चालविलेलें 'ओव्हरकास्ट' प्रसिद्ध आहे. तिन्हींतून ओपीएमएल यादी बाहेर काढतां येते. अर्थात् हीं नांवें कायमचीं समजूं नयेत. गूगलचें जें झालें तें उद्यां ह्यांचेंही होईल. पण यादी आपल्याजवळ असली म्हणजे चिंता नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, अ‍ॅप उतरवून घेण्यापूर्वीं एक कागद घ्या. ज्या तीन विषयांची तुम्हांला खरोखर गोडी आहे ते त्यावर लिहा, आणि प्रत्येक विषयाची एकच मालिका शोधा. पन्नास मालिकांचे ग्राहक होऊन एकही न ऐकणें ह्यास बहुश्रुतपणा म्हणत नाहींत. आठवड्यांतून दोन भाग ऐका, ऐकल्यावर त्यांतील एक नवी गोष्ट वहींत टिपा, आणि रात्रीं जेवतांना ती घरांतील माणसांस सांगा. सहामाही परीक्षा संपली कीं ओपीएमएल यादीची एक प्रत काढून आपल्या ईमेलमध्यें ठेवून द्या. पुढें फोन बदलेल, अ‍ॅप बदलेल, शाळाही सुटेल. तुम्हीं स्वतः निवडलेली यादी मात्र तुमच्याबरोबर येईल.